साडेसहा इंचांची मिजास

६×१७ सेंटिमीटर असं जिचं नाव, ती पॅनोरामाची, म्हणजे लांबलचक आडव्या चित्राची, निगेटिव्ह मोजायला घेतली तर ५६ बाय १६८ मिलिमीटर भरते. म्हणजे नावात थोडी फुशारकी आहेच. पण ती तिला शोभते, कारण १२० नावाच्या रुंद फिल्मच्या अख्ख्या रोलवर अशी चारच चित्रं बसतात. पस्तीस मिलिमीटरवाल्याला छत्तीस वेळा चुकायची मुभा, इथे चारात खेळ खलास. एवढ्या तोऱ्याने आलेली ही साडेसहा इंची पट्टी घरी स्कॅन करायला घेतली की कळतं, यंत्रं बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही बाई कधी नव्हतीच. निकॉनचा कूलस्कॅन ९००० हा एकेकाळचा नावाजलेला स्कॅनर, पण तोही ६×९च्या निगेटिव्हवर थांबतो.

उरतो तो फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर, झाकणात फिल्मसाठी दिवा असलेला. एप्सनच्या व्ही७०० किंवा व्ही८५० या जातीच्या स्कॅनरमध्ये पट्टी आडवी न कापता, सलग मावते. खोक्यावर ६४०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६४०० ठिपके, असं ठळक छापलेलं असतं, प्रत्यक्षात तपशील हाती लागतो तो २३००-२४००च्या आसपास. वाईट वाटून घेऊ नये. २४००ला ही निगेटिव्ह साधारण १५,९०० बाय ५,३०० पिक्सेल देते, म्हणजे जवळपास साडेआठ कोटी पिक्सेल. ३००च्या हिशेबाने छापलं तर चित्र ५३ इंच रुंद होतं. तेवढी मोकळी भिंत आधी शोधावी, मग डीपीआयसाठी भांडावं.

तरीही ४८००वर स्कॅन करून मग निम्मं करण्यात अर्थ आहे. चार पिक्सेलांची सरासरी निघते आणि आकाशातली खरखर निवते. निगेटिव्हमध्ये सगळ्यात दाट भाग आकाशाचा असतो, त्यातून प्रकाश कमी येतो, आणि सेन्सर चाचपडतो तो नेमका तिथेच. फक्त फाइलचा हिशेब ठेवावा. सोळा बिट रंगीत, ४८००वर म्हणजे दोन जीबीच्या घरात. लांब बाजू ३१,७००च्या पुढे जाते आणि फोटोशॉपचा पीएसडी हा नेहमीचा फाइलप्रकार ३०,०००वर हात वर करतो. अशा वेळी टिफ किंवा पीएसबी या प्रकारात फाइल ठेवावी.

पण पिक्सेल हा सोपा भाग झाला. खरी झटापट आहे ती सपाटपणाशी. फिल्म रिळावर गुंडाळलेली असते आणि ते ती विसरत नाही. लांबीत सुरळी होते आणि रुंदीत पन्हळीसारखी इमल्शनच्या, म्हणजे चित्र धरणाऱ्या थराच्या, बाजूला वळते. हवा कोरडी असेल तर अधिकच. कुत्र्याचं शेपूट नळीत घालण्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण फिल्म त्यापेक्षा बरी म्हणायची. पाकिटात घालून जाड पुस्तकांच्या ढिगाखाली चार-आठ दिवस ठेवली तर बरीच वठणीवर येते. इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, उलट दिशेने करकचून गुंडाळणं, असले उपाय मात्र सुचले तरी करू नयेत.

बरीच म्हणजे पूर्ण नव्हे. नुसत्या चौकटीच्या होल्डरमध्ये १६८ मिलिमीटरची पट्टी मधोमध झोळ खाते. या स्कॅनरांचा फोकस ठरलेल्या उंचीवर असतो, त्यामुळे कडा धारदार आणि मध्य मऊ असं चित्र निघतं आणि दोष बिचाऱ्या लेन्सच्या माथी बसतो. फिल्मवर काच ठेवून दाबावी, तर साध्या काचेने न्यूटनची वलयं उमटतात. दोन गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये हवेचा अगदी पातळ थर राहिला की प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून इंद्रधनुषी कडी तयार होतात, आणि ती दिसतात कुठे, तर आकाशात. फिल्मची चकचकीत बाजूच बहुतेक वेळा ही खोडी काढते. इमल्शनची बाजू मुळातच जराशी खडबडीत. म्हणून इमल्शन खाली, लेन्सकडे, आणि वरच्या चकचकीत बाजूवर अँटी-न्यूटन काच, तिची धूसर बाजू फिल्मला टेकवून. चित्र आरशातल्यासारखं उलटं येईल, ते नंतर फिरवावं. खूण सोपी आहे: काठावरची अक्षरं सुलट वाचता आली तर चकचकीत बाजू आपल्याकडे आहे.

उंची जुळवायला कागदाच्या पट्ट्यांसारखं साधन नाही. छपाईचा नेहमीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड; पाच पट्ट्या म्हणजे अर्धा मिलिमीटर. होल्डरच्या पायांखाली त्या वाढवत एकच कोपरा पुन्हा पुन्हा स्कॅन करावा, शार्पनिंग बंद ठेवून. जिथे फिल्मचे कण सगळ्यात टोकदार दिसतील ती उंची त्या यंत्राची. शेजारच्या घरातला तोच स्कॅनर वेगळी उंची मागू शकतो.

काळ्या पुठ्ठ्याची चौकट घरीच कापणारे एक चूक हमखास करतात. निगेटिव्हभोवतीची उघडी काच झाकणं योग्यच, नाहीतर आगंतुक उजेडाने सावल्या फिकट पडतात. पण स्कॅनरच्या काचेवर फिल्म स्कॅन होते त्या भागाच्या वरच्या टोकाला एक मोकळी पट्टी असते, तिथे स्कॅनर आधी दिव्याचा उजेड मोजून घेतो. ती झाकली तर रंगांचा विचका होतो, आणि तिच्यावर नुसता एक केस पडला तरी अख्ख्या चित्रभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सरळ रेघ उमटते. सॉफ्टवेअरची आपोआप चौकट शोधण्याची सोयही बंद करावी. तिला चौकोनी चित्रांची सवय, ती पॅनोरामाचे तुकडे पाडते. धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय रंगीत निगेटिव्हला उत्तम, पण नेहमीच्या कृष्णधवल फिल्मला निरुपयोगी, कारण फिल्ममधली चांदीच इन्फ्रारेड अडवते आणि यंत्राला सगळं चित्रच धूळ वाटतं.

कॅमेऱ्याने निगेटिव्ह टिपणाऱ्यांचा पंथ वेगळा. ६००० बाय ४००० पिक्सेलचा कॅमेरा, मॅक्रो लेन्स, चौकटीत ६० बाय ४० मिलिमीटरचा भाग. लांब बाजू निगेटिव्हच्या ५६ मिलिमीटरच्या बाजूवर धरली आणि दर वेळी फिल्म ३२ मिलिमीटर सरकवली की पाच फोटोंत काम होतं, प्रत्येक सांध्याला आठ मिलिमीटरची जोड राहते आणि २५४० डीपीआय मिळतात. सरकवायची फिल्म, कॅमेरा नव्हे. हातच्या काकणाला आरसा लागत नसेल, या कामाला लागतो: फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवून लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्ये आणलं की कॅमेरा समांतर झाला. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, सगळं हाताने एकदा ठरवून पुन्हा हात लावायचा नाही. फिल्मशिवाय नुसत्या दिव्याचाही एक फोटो घ्यावा. दिव्याचा कमीजास्त उजेड त्यावरून वजा करता येतो. हे टाळलं तर जोडलेल्या आकाशात पाच फिकट पडदे टांगल्यासारखे दिसतात.

जोडताना सॉफ्टवेअर समजतं की कॅमेरा एका जागी उभं राहून फिरवला आहे, आणि चित्राला कमान देतं. फोटोशॉपमध्ये ‘रिपोझिशन’ निवडावं, हगिन या चित्रं जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरकत्या कॅमेऱ्याचा पर्याय. कोऱ्या आकाशात जुळवायला खूणच सापडत नाही. तिथे फिल्मचा काठ आणि त्यावरचे आकडे चौकटीत घेतलेले असले की सांधा बसतो.

शेवटी धूळ. आधी फुंकणी, मऊ ब्रश, हातमोजे, सगळं करूनही ती राहतेच. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या पडद्यावर पूर्ण आकारात हे चित्र पाहायचं तर नऊ रकाने आणि पाच ओळी, म्हणजे ४५ पडदे होतात. डावीकडून उजवीकडे जावं, एक ओळ खाली उतरून उजवीकडून परत यावं, नांगर चालतो तसं. मधेच उठावं लागलं तर कितव्या ओळीत होतो ते कागदावर लिहून ठेवावं.