शहरात थंड, घाटात गरम

२०११ची पेट्रोल सेडान. एक लाख अठरा हजार किलोमीटर झालेली, सव्वादोन लाखांना घेतलेली. मालक कोल्हापुरातल्या कसबा बावड्याचे. "मिस्त्री, गावात गाडी एक नंबर चालती. करूळ घाट चढताना तेवढी तापती. हेड गॅस्केट गेलंय, अठ्ठावीस हजार लागतील म्हणून सांगितलंय."

हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि हेड गॅस्केट म्हणजे त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधली सील. हेड एकदा उतरवलं की गॅस्केट, फेसिंग (पृष्ठभाग सपाट करून घेणं), बोल्ट, ऑइल, कूलंट हा सगळा खर्च होतोच, दोष तिथे निघो वा न निघो. त्यामुळे स्पॅनर लावायच्या आधी खात्री करून घेतलेली बरी.

सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडलं. आत कूलंट नव्हतं, गंजाच्या रंगाचं नुसतं पाणी होतं, तेही बोअरचं असावं, कारण झाकणाच्या रबरावर क्षाराचा पांढरा थर बसला होता. त्यातलं थोडं पाणी काढून पातळी खाली घेतली आणि तोंडावर ब्लॉक टेस्टर लावला. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल तर टेस्टरमधलं निळं द्रव पिवळं पडतं. इंजिन गरम होईपर्यंत धरलं, निळं ते निळंच राहिलं. मग चारही प्लग काढून, इंजेक्टर बंद करून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतलं : १७० ते १७८ पीएसआय. फरक पाच टक्क्यांच्याही आत. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी नाही. हेड गॅस्केट शाबूत होतं.

प्लग मात्र चारही काळेभोर, आणि मालकांच्या सांगण्यावरून अॅव्हरेज दहाच्या आसपास. तापणाऱ्या गाडीचे प्लग असे काळे का व्हावेत? स्कॅनर लावून कावळा नाक्यापर्यंत चक्कर मारली तेव्हा उत्तर मिळालं. कूलंटचं तापमान ७० अंशांच्या वर जाईचना. इंजिन अजून गारच आहे असं समजून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडत होता. डॅशबोर्डवरचा काटा मात्र मधोमध. पुष्कळ गाड्यांत हा काटा साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत एकाच जागी धरून ठेवलेला असतो, त्यामुळे काटा हलला की समजावं, उशीर झालाय. जुनी गाडी घेताना काट्यापेक्षा स्कॅनरवरचा आकडा बघावा.

पुढची फेरी जोतिबाच्या डोंगरावर. एसी चालू, दुसरा गिअर, चढ. ७० वरून ९०, ९८, १०६. ११२ झाल्यावर एसी बंद करून गाडी बाजूला घेतली.

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप. त्याचं हाउसिंग खोललं. आत थर्मोस्टॅटच नव्हता, नुसती रबर सील लावून झाकण बसवलेलं. फॅनही रिले काढून इग्निशनला डायरेक्ट जोडलेला. कधीतरी गाडी तापली असणार, तेव्हा कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला आणि शहरापुरतं काम भागवलं. हा उपाय आपल्याकडे सर्रास होतो आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. या इंजिनात थर्मोस्टॅटला मागे दुसरी चकती असते. इंजिन तापलं की पुढची चकती रेडिएटरची वाट उघडते आणि मागची बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसला तर बायपास कायम उघडा राहतो, आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न शिवताच परत इंजिनात येतो. सपाटीवर ते खपून जातं, घाटात नाही.

मूळ दुखणं रेडिएटरचं होतं. इन्फ्रारेड गनने जाळी तपासली तर वरचा भाग ९०च्या घरात आणि खालचा कोपरा चाळिशीत. म्हणजे तिथून पाणी फिरतच नव्हतं. रेडिएटर उतरवून पालथा केला तर नाचणीच्या आंबिलीसारखा तपकिरी गाळ पडला. प्लॅस्टिक टाकी जिथे अॅल्युमिनियमला दाबून बसवलेली असते तिथेही सुकलेला ओघळ. गार इंजिनवर एक बार दाब दिला होता तेव्हा पंधरा मिनिटांत तो ०.७ वर आला होता, तो इथूनच. वॉटर पंप गळायला लागला की ज्या भोकातून पाणी येतं ते कोरडं होतं, पंपाला हात लावला नाही.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटरने तपासला. ८२ला उघडायला लागला. झाकण १.१ बारचंच घेतलं. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. हा दाब टिकला तर १२०पर्यंत उकळत नाही. तीनशे-साडेतीनशेची वस्तू, पण घाटात तिच्यावर सगळं अवलंबून.

सिस्टीम साफ पाण्याने धुतली आणि शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने. मग तयार मिश्रणाचं पाच लिटर कूलंट. गाडीचं नाक जॅकवर उचललं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, झाकण उघडं ठेवून वरचा होज दाबत राहिलो आणि फॅन दोनदा आपोआप चालू-बंद होईपर्यंत हवा काढली. ही हवा राहिली तर नव्या रेडिएटरसकट गाडी तापते.

रेडिएटर ५,२००, थर्मोस्टॅट ९५०, झाकण ३५०, दोन होज १,४००, कूलंट १,६००, फॅन रिले ३००, मजुरी २,५००. एकूण १२,३००. परत जोतिबाला नेली. वरपर्यंत ९६च्या पुढे गेली नाही.

गाडी रॅम्पवर होती म्हणून खालचंही दाखवलं. लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांडीचे) रबरी बुश फाटलेले, डावा शॉकअब (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) ऑइल गळून ओला, टायरवरचा शेवटचा आकडा ३२१७, म्हणजे २०१७च्या बत्तिसाव्या आठवड्यातले. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा. ब्रेक ऑइल काळं. शिवाय पंधरा वर्षं भरली की आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण. मोटारीला त्याची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार आहे, पर्यावरण कर वेगळा. सव्वादोन लाखांच्या गाडीला पहिल्या वर्षात आणखी चाळीस-पन्नास हजार बाजूला काढून ठेवावे लागतात, हे घेतानाच धरलेलं असावं.

"सगळं एकदम नाही व्हायचं ओ," ते म्हणाले. मग टायर आणि ब्रेक ऑइल आधी, बुश पुढच्या महिन्यात, शॉकअब दोन्ही बाजूंचे एकदम दिवाळीनंतर असं ठरलं. हजार किलोमीटरनंतर गार इंजिनवर कूलंटची पातळी बघायला या, एवढं बिलावर लिहून दिलं.