विंचेस्टर मॉडेल ७०: १९६४ च्या आधीची की नंतरची?

सीरियल नंबर ७,००,००० किंवा त्यापुढचा असेल, तर ही अमेरिकन शिकारी रायफल १९६४ नंतरची.

१९३६ पासूनच्या जुन्या बोल्टवर (काडतूस आत ढकलणारा, हाताने मागेपुढे होणारा दांडा) माउझर या जर्मन रायफलच्या पद्धतीचा लांब पंजा असतो. मॅगझिनमधून वर येतानाच तो काडतुसाची कड पकडतो. त्यामुळे बोल्ट अर्धवट पुढे नेऊन मागे ओढला तरी काडतूस सोबत परत येतं, दोन काडतुसं अडकत नाहीत. मात्र सुटं काडतूस थेट चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) टाकून बोल्ट दामटू नका. पंजाला कडेवरून चढावं लागतं, तो तुटू शकतो.

१९६४ मध्ये खर्च वाचवायला पंजा गेला आणि बोल्टच्या तोंडात छोटा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) आला. लाकडावरची नक्षी कोरण्याऐवजी दाबून उठवलेली, नळीभोवती बोजड फट. दिसायला सुमारच! पण नवा बोल्ट काडतुसाचं बूड चहूबाजूंनी वेढतो, म्हणून काडतुसाचं कवच फुटल्यास मागे येणारा गॅस जास्त चांगला अडतो. याचं श्रेय नव्या रायफलला क्वचितच मिळतं.

जुनी घेताना बोल्टमागचं लाकूड तडकलंय का आणि दुर्बिणीसाठी रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा भाग) नंतर भोकं पाडलीत का, ते पाहा. अशा भोकांनी संग्राहकांच्या लेखी किंमत घसरते. शिकारीला फरक पडत नाही. पंजाच हवा असेल, तर १९९० च्या दशकात तो परत आलाय.