सूत्रं हातात आली, पण पीटीआरवर नाव लागेना (माझा अनुभव)

दुसरी फळी तयार करा, वेळेत बाजूला व्हा, तरुणांकडे सूत्रं द्या, हे सामाजिक संस्थांच्या शिबिरांमध्ये मी इतकी वर्षं ऐकत आलेय. बोलणारे मनापासून बोलतात, त्यात चूक काहीच नाही. पण एकाही शिबिरात कुणी हे सांगितलं नाही की तुम्ही सभा घेऊन नवा अध्यक्ष, नवा सचिव निवडलात तरी धर्मादाय कार्यालयाच्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था नोंदवहीत, म्हणजेच पीटीआरवर, जोपर्यंत जुनी नावं आहेत तोपर्यंत बँक तुम्हाला ओळखत नाही, सीएसआरवाली, म्हणजे सामाजिक कामाला निधी देणारी कंपनी ओळखत नाही, कुणीच ओळखत नाही. मी यातून आत्ताच बाहेर पडलेय, राग अजून उतरलेला नाही, म्हणून डोक्यात आहे तोवर लिहून काढतेय.

आमची संस्था वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका आणि बालवाड्या चालवते. महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्थांसारखी दोन्हीकडे नोंदलेली, म्हणजे १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालीही आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालीही, नोंदणी क्रमांक एफने सुरू होतो त्यातली. संस्थापक सरांनी स्वतःहून ठरवलं की आता बास, मी अध्यक्षपद सोडतो. असं किती जण करतात सांगा. सभा झाली, नवी कार्यकारिणी निवडली, मी सचिव झाले.

आता इथून बदल अर्ज, म्हणजे सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो. कलम २२. विश्वस्तांमध्ये, म्हणजे आमच्यासारख्या संस्थेत कार्यकारिणीतल्या माणसांमध्ये, काहीही बदल झाला की ९० दिवसांच्या आत कळवायचा. आम्ही वेळेत दिला, सभेची सूचना, ती सगळ्यांना पोचल्याचा पुरावा, हजेरी, इतिवृत्त, ठराव, जाणाऱ्यांचे राजीनामे, येणाऱ्यांची संमतीपत्रं, सगळं लावून. कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झालीय, विश्वस्तांच्या नावातला बदल असेल तर कामकाजाच्या १५ दिवसांत तात्पुरती मंजुरी देता येते, मग नोटीस लावून ३० दिवस हरकतींसाठी ठेवायचे आणि कुणी हरकत घेतली नाही की तीच मंजुरी कायम होते. मी ते वाचून खूश होते. सरांना म्हटलं, शाळा सुरू व्हायच्या आत सगळं होतंय बघा.

आणि तिथेच अडकलं.

धर्मादाय कार्यालयातल्या निरीक्षकांनी आमची फाईल काढली, शेड्यूल वन उघडलं, म्हणजे ज्या पानावर विश्वस्तांची मान्य नावं असतात ते, आणि आमच्या अर्जावरच्या नावांशी ताडून बघितलं. ज्या सचिवांनी आमची सभा बोलावली होती त्यांचं नावच त्या पानावर नव्हतं. मावळत्या कार्यकारिणीतल्या निम्म्या लोकांचं नव्हतं. पानावर जी मंडळी होती ती त्याच्याही आधीच्या काळातली, त्यातले दोघं तर हयातही नाहीत. म्हणजे मधे ज्या दोन निवडणुका झाल्या त्यातला एकही बदल नोंदला गेलेला नव्हता. निरीक्षकांचा प्रश्न सरळ होता, सभा बोलावणाऱ्याचं नाव आमच्याकडे नाही, मग त्याने बोलावलेली सभा आम्ही कशाच्या आधारावर मान्य करायची? सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव असावं, वारसनोंद कुणी केलेलीच नसावी आणि नातू जमिनीचे कागद करायला गेल्यावर ते कळावं, तसलाच प्रकार.

खोदून काढलं तेव्हा कळलं की पहिल्या निवडणुकीचा बदल अर्ज दिला गेला होता, पण तारखांना कुणी उभंच राहिलं नाही म्हणून तो गैरहजेरीमुळे निर्णय न होताच बंद झाला. दुसऱ्या निवडणुकीचा दिलाच नव्हता. त्या काळात सगळे अभ्यासिकेच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले होते हे मला माहितेय, त्या माणसांबद्दल मनात आदरच आहे. पण काम करणाऱ्या संस्थांमध्ये नेमकं हेच होतं. कागद म्हणजे दुय्यम, कुणीतरी बघेल. हा कुणीतरी कधीच नेमलेला नसतो.

तर आता आम्हाला काय करायचं होतं, गैरहजेरीमुळे बंद झालेला अर्ज पुन्हा सुनावणीला घ्या म्हणून एक अर्ज. न दिलेला बदल अर्ज आता द्यायचा आणि सोबत विलंबमाफीचा अर्ज, त्यात उशीर का झाला याचं पटणारं कारण, आणि उशीर माफ झाला तर वर खर्चाची रक्कम भरायची. वारलेल्या विश्वस्तांचे मृत्यूदाखले. हे सगळं क्रमाने निकाली लागलं की मग आमचा अर्ज, त्याच्या आधी त्याला हातही लावणार नाहीत.

मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला सांगू? वाट बघण्याचा नाही. आज काय होणार हे कुणीच नीट न सांगण्याचा. तारीख मिळायची, सकाळपासून बाकावर बसायचं, बोर्डावर आपला नंबर असायचा आणि दुपारी कळायचं की साहेब दुसऱ्या कार्यालयाचा कार्यभार सांभाळतायत, पुढची तारीख घ्या. कधी साहेब असायचे पण जुनी फाईल अभिलेख कक्षातून वर आलेली नसायची. ती मागवायला आधी अर्ज द्यायला हवा होता हे त्या दिवशी सांगणार, आदल्या खेपेला समोर उभी होते तेव्हा नाही. एका वाक्याचं काम होतं ते. माणसं उद्धट होती असं मी म्हणणार नाही, एका टेबलावर किती गठ्ठे असतात ते मी डोळ्यांनी बघितलंय, पण समोरच्याचा अख्खा दिवस जातो याची जाणीव त्या इमारतीत कुठेच नव्हती आणि त्याचा राग मला आजही येतो.

यावरून आठवलं ते लगेच सांगते, तुमची जुनी फाईल बघायची असेल तर तपासणीचा अर्ज तारखेच्या बऱ्याच आधी द्या आणि त्या अर्जाच्या स्वतःजवळच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. कुठलाही कागद देताना आवक शिक्क्याशिवाय परत फिरायचं नाही, मग खिडकी बंद व्हायला पाच मिनिटं असली तरी.

खरी अडचण पुढेच होती. दुसऱ्या निवडणुकीच्या सभेची सूचना सगळ्या सभासदांना बजावली होती याचा पुरावा मागितला. आमच्या घटनेप्रमाणे सभेची सूचना पूर्ण १५ दिवस आधी लेखी द्यावी लागते. इतिवृत्त वहीत सभा आहे, सह्या आहेत, ठराव आहे, पण सूचनेची प्रत नाही, पोस्टाच्या पावत्या नाहीत, बजावणीचं रजिस्टरच नाही. वकील मॅडम म्हणाल्या, जे हयात सभासद त्या सभेला होते त्यांची प्रतिज्ञापत्रं करू, पण मूळ सूचना मिळाली तर काम खूप हलकं होईल. ऑफिसातली कपाटं आम्ही पालथी घातली. काही नाही.

वारलेल्या विश्वस्तांपैकी एकांच्या घरी मी मृत्यूदाखला मागायला गेले. हे काम मी कुणावर सोपवलं नाही, आणि तुम्हीही सोपवू नका, ज्या माणसाने संस्थेला आयुष्य दिलं त्याच्या घरी दाखला मागायला शिपाई पाठवायचा नसतो. काकूंनी दाखल्याची झेरॉक्स दिली आणि म्हणाल्या, यांचे संस्थेचे कागद पण घेऊन जा, मला त्यातलं काही कळत नाही पण टाकवत पण नाहीत. निळी प्लास्टिकची फाईल होती. आत प्रत्येक सभेची सूचना, तारखेप्रमाणे लावलेली, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात त्यांनी पेनने लिहिलेलं, पोचली, आणि पोचल्याची तारीख. आम्हाला हवी असलेली सूचना त्यात होती, पाकिटासकट, पाकिटावर पोस्टाचा शिक्का. पंधरा दिवसांच्या हिशोबात बसत होती. मी काकूंच्या समोरच रडले.

ती सूचना आणि हयात सभासदांची प्रतिज्ञापत्रं लागल्यावर विलंब माफ झाला, मग एकेक अर्ज मार्गी लागत गेला.

पण हे सगळं चालू असताना संस्था थांबत नाही ना. बँकेत सह्या जुन्याच. आमच्या खात्यावर अध्यक्ष आणि खजिनदार, दोघांच्याही सह्या लागायच्या, आणि खजिनदार काका तोवर मुलाकडे परदेशात गेलेले. नवीन सह्यांसाठी बँकेला सुधारित शेड्यूल वनची प्रमाणित नक्कल हवी, ठराव दाखवला तर म्हणाले ठराव तुमचा आहे, आम्हाला त्यांचा कागद आणा. वकील मॅडमचं म्हणणं होतं की निवडून आलेली कार्यकारिणी निवडीपासून काम बघू शकते, मंजुरी नंतरची गोष्ट, पण बँकेच्या काउंटरवर उभं राहून हे कुणाला पटवणार. बालवाडीताईंचं मानधन अडकलं. म्हणून हे नीट ऐका, सूत्रं द्यायच्या निदान वर्षभर आधी खात्यावर तीन नावं टाका आणि तिघांपैकी कोणतेही दोन असा ठराव करून घ्या. तिसरं नाव विश्वस्तांमधल्या अशा माणसाचं जो शेड्यूल वनवर आहे आणि पुढच्याही कार्यकारिणीत राहणार आहे. बास, एवढं असतं तर आमच्या ताईंना उसनवारी करावी लागली नसती.

मानधन अडकलं तेव्हा मी सगळ्या ताईंना एकत्र बसवलं आणि सरळ सांगितलं की पैसे खात्यात आहेत, सही अडकलीय, का अडकलीय ते असं असं आहे. बदल अर्जाची प्रत त्यांना दाखवली. काही विश्वस्तांना ते आवडलं नाही, म्हणाले कर्मचाऱ्यांना एवढं कशाला सांगायचं. मला अजून वाटतं तेच बरोबर होतं. एकही ताई सोडून गेली नाही. खरं दडवलं असतं तर वस्तीत आठवडाभरात पैसे खाल्ले अशी बोलवा झाली असती.

आणखी एक, हे आधी सांगायला हवं होतं. अध्यक्षपदासाठी आमच्यातले एक ज्येष्ठ दादा इच्छुक होते, निवड झाली नाही म्हणून ते दुखावले होते. बदल अर्जाला एखाद्या विश्वस्ताने किंवा सभासदाने हरकत घेतली की तो वादग्रस्त होतो, मग पुरावे, उलटतपासणी, वर्षानुवर्षं चालतं, माझ्या ओळखीच्या एका संस्थेत दोन गटांच्या भांडणात शाळाच बंद पडायला आली. त्यामुळे हरकतींची नोटीस लागायच्या आधी मी दादांच्या घरी गेले. त्यांना मनवायला नाही गेले. म्हटलं, दादा तुमचा राग कशावर आहे ते मला बोलून दाखवा, मी वहीत लिहून घेते आणि पुढच्या सभेत तुमच्या नावाने मांडते. त्यांचं मुख्य दुःख हे होतं की सरांनी त्यांना आधी विश्वासात घेतलं नाही. सर स्वतः दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन बसले. हरकत आली नाही. नेतृत्वाच्या सगळ्या पद्धती एकीकडे आणि ही गोष्ट एकीकडे, निवडीच्या आधी प्रत्येक ज्येष्ठ माणसाशी जाणाऱ्या अध्यक्षाने स्वतः बोलायला हवं, नव्या अध्यक्षाने नाही.

संस्थापक सरांबद्दल पण लिहिते. ते सल्लागार म्हणून आहेत, पण चेकवर सही नाही, निवडसमितीत नाही, हे त्यांनीच लिहून दिलं. सुरुवातीला लोक माझं ऐकून परत सरांना फोन करायचे. सरांचं उत्तर ठरलेलं, सचिवांना विचारा. त्यांनी ते प्रत्येक वेळी न कंटाळता म्हटलं म्हणून मी आज काम करू शकतेय. संस्थापकाने पद सोडून फोनवर निर्णय देत राहिलं तर पीटीआरवर कुणाचंही नाव लागो, काही बदलत नाही.

बाकी कामं सीएंनी करून दिली, आयकराचं १२ए आणि ८०जी, म्हणजे संस्थेच्या आणि देणगीदारांच्या करसवलतीच्या नोंदण्या, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवर नवीन विश्वस्तांचे पॅन-आधार, ते सुरळीत झालं. परदेशी देणगी घेणाऱ्यांनी मात्र एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याचा, एफसी-६ई फॉर्म विसरू नका, पदाधिकारी बदलले की तो ४५ दिवसांत भरायचा असतो. आम्ही घेत नाही म्हणून आम्हाला लागला नाही.

आता आमच्याकडे एक पद्धत केलीय. सभेच्या दिवशीच, लोक उठायच्या आत, राजीनामे आणि संमतीपत्रांवर सह्या घ्यायच्या. सूचना पाठवल्याच्या पावत्या त्याच दिवशी इतिवृत्ताच्या मागे चिकटवायच्या. ९०वा दिवस कुठला ते इतिवृत्तातच शेवटच्या ओळीत लिहायचं आणि हे बघणारा एक विश्वस्त ठरावाने नेमायचा, नाव लिहून. ऑडिट रिपोर्टही तोच बघतो, मार्चअखेरपासून सहा महिन्यांत तो धर्मादायकडे गेला पाहिजे, तोही अनेक संस्थांचा राहिलेला असतो आणि बदल अर्जाच्या वेळी नेमका विचारतात.

तुमच्या संस्थेत निवडणूक यायला वेळ असेल तरी याच आठवड्यात शेड्यूल वनच्या नकलेसाठी अर्ज देऊन ठेवा आणि त्यावरची नावं वाचा. मंजुरी झाल्यावर प्रमाणित नकला घेताना मात्र हात आखडता घेऊ नका, चार-पाच तरी घ्या. बँक एक ठेवून घेते, सीएसआरवाले एक मागतात, वीज मीटरवरचं नाव बदलायलासुद्धा आम्हाला एक लागली, आणि संपल्या की पुन्हा त्याच खिडकीवर नक्कल अर्ज करून थांबावं लागतं.