साडेपाच मिलिमीटर

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

सकाळच्या पंचवटीने मुंबईला गेलो, संध्याकाळच्या पंचवटीने परत आलो. येताना दोन गुडघ्यांमध्ये नवा बेस धरून बसलो होतो. नवा म्हणजे माझ्यासाठी नवा, आधीच्या मालकाने तो पाच-सहा वर्षं वाजवलाय. कल्याण गेल्यावर समोरच्या पासवाल्याने विचारलं, "सतार आहे का?" नाही म्हटलं, बेस गिटार आहे. पण कसारा घाट संपेपर्यंत त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. सतारीला पडदे असतात, सरोदला नसतात. एकतीस वर्षं पडद्यांवर वाजवून मी आता बिनपडद्याचं वाद्य घेऊन घरी निघालो होतो.

घरी आल्यावर हिने बॅगेची चेन उघडली, पट्टीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अहो, ह्याच्यावर तारांच्या खाली काहीच नाही. कुठे दाबायचं ते कळणार कसं?"

गेले तीन महिने मी स्वतःला हेच विचारतोय.

शुक्रवार

आज नीट लिहून ठेवतो, नाहीतर पुढे आठवणार नाही की हे का केलं.

माझा जुना बेस जपानी बनावटीचा, जॅझ बेसच्या घाटाचा, चार तारी, वीस फ्रेट, म्हणजे पडदे. १९९४ साली मुंबईतल्या एका वादकाकडून हप्त्याने घेतला. नाशिकला सातपूरच्या कंपनीत टूलरूमला होतो, पहिली पाळी करायची आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. कालिदास कलामंदिरात कार्यक्रम असला की सुपरवायझर अर्धा तास आधी सोडायचे, हे त्यांचे उपकार. गणपतीचे दहा दिवस, नवरात्राचे नऊ, मग लग्नसराई. पंचमदांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस कॅसेट मागे-पुढे करून उतरवला, तेच माझं शिक्षण. ढोलकी, ड्रम आणि मी, असं आमचं तिघांचं घर. ड्रमरच्या उजव्या पायाकडे बघत वाजवायचं, किक, म्हणजे पायाने वाजवायचा ड्रम, आणि बेस एकत्र पडले पाहिजेत. त्यात मी कधी कमी पडलो नाही, हे आज मनापासून लिहितो.

सुराकडे मात्र मी कधी पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. साउंड चेकच्या आधी चार तारा मिळवल्या की पुढचं सगळं फ्रेट बघून घेत. लिओ फेंडरने १९५१ साली फ्रेटचा बेस बाजारात आणला तेव्हा त्याचं नावच प्रिसिजन ठेवलं. उभ्या डबल बेसवर सूर शोधावा लागायचा, ह्याच्यावर बोट फ्रेटच्या मागे कुठेही पडलं तरी सूर अचूक. माझ्यासारख्या पाळी करून आलेल्या माणसाला त्या फ्रेटनी एकतीस वर्षं सांभाळून घेतलं.

आता कामं बदलली. ऑर्केस्ट्रात बऱ्याच ठिकाणी ट्रॅक लावून गातात, बेस त्या ट्रॅकमध्येच असतो. दोन वर्षांपूर्वी अभंग आणि भावगीतांच्या एका छोट्या ग्रुपमध्ये गेलो. तबला, पखवाज, पेटी, बासरी, तानपुरा आणि मी. गाणारी मुलगी माझ्या मित्राची लेक, लहानपणापासून पाहिलेली. चैत्रात एका तालमीनंतर ती चहाचा कप हातात देत म्हणाली, "काका, रागावू नका. पण तुमचा गंधार आला की माझा गंधार वर ओढला जातो. मग मला तानपुऱ्याकडे कान लावून परत खाली यावं लागतं."

रागावलो नाही. पण त्या रात्री जेवलो नाही, हे खरं.

रविवार

सकाळी पाच वाजता उठून फोनवर तानपुरा लावला. पेटीची पांढरी सहा, ती मुलगी गाते ती पट्टी. म्हणजे जाड तारेकडून माझी दुसरी तार मोकळी सोडली की षड्ज, सेकंदाला ५५ कंपनं. तिच्यावरच ग, म, प.

पंचम बेसूर. मध्यम बेसूर. सगळेच उतरलेले. फक्त गंधार लागला, आणि असा लागला की हात थांबला. तानपुऱ्याच्या जोडीत ऐकू येणारा तो न वाजवलेला गंधार असतो ना, त्यात माझा गंधार विरघळला. कुठून येतोय तेच कळेना.

हे उलटं का? शिकवण्या घेताना मी प्रत्येक मुलाला सांगत आलो: बोट फ्रेटवर नको, फ्रेटच्या जरा मागे. फ्रेटच्या बेसवर तार फ्रेटवर टेकते, तिथून पुढे कंप पावते, त्यामुळे बोट मागे असणंच बरोबर. बिनपडद्याच्या बेसवर तार बोटाखालीच संपते. बोट मागे पडलं की तार तेवढी लांब, सूर तेवढा खाली. माझी बोटं एकतीस वर्षांच्या सवयीने, फ्रेटच्या जागा दाखवणाऱ्या मानेच्या कडेच्या ठिपक्यांच्या अर्धा सेंटीमीटर मागे पडत होती. म्हणून पंचम उतरत होता. मग गंधार गोड कसा?

कपाटातून व्हर्नियर काढला, बारीक मोजमापाचा. कंपनीतून निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी दिलेला.

तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. हिशेब मांडला. पेटी, कीबोर्ड, फ्रेटचा बेस यांच्या सप्तकात बारा सूर सारख्या अंतरावर असतात. त्या हिशेबाने माझा गंधार ६९.३ कंपनांचा. तानपुऱ्यातला गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ६८.७५. अर्ध्या कंपनाचा फरक म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण ती गाते तिथे, माझ्यापेक्षा दोन सप्तकं वर, माझ्या तारेतून निघणारा स्वर होतो २७७ आणि तिचा असतो २७५. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे. दीर्घ लावलेल्या गंधारात गाणाऱ्याला ते हेलकावे छातीत जाणवत असणार. तिची तक्रार शब्दशः खरी होती. आमच्या पेटीवाल्यांनी आपली पेटी गंधार ट्यूनिंग करून, म्हणजे तानपुऱ्याच्या शुद्ध स्वरांत, पांढरी सहाला लावून घेतली आहे, बासरीवाला फुंक कमी-जास्त करून सूर सांभाळतो. तिच्या सुराच्या आड येणारा त्या मंचावर मी एकटा होतो.

चौथ्या फ्रेटची जागा आणि खऱ्या गंधाराची जागा यांत अंतर किती? साडेपाच मिलिमीटर. मागच्या बाजूला. माझं बोट सवयीने पडत होतं, बरोबर तिथे.

टूलरूमला मी शंभराव्या मिलिमीटरवर जॉब परत पाठवायचो. आणि माझ्या गंधारात साडेपाच मिलिमीटर.

मंगळवार

शुद्ध धैवत आणि निषादही ठिपक्याच्या मागेच बसतात. पंचम जवळजवळ ठिपक्यावर, पाऊण मिलिमीटरही पुढे नाही. कोमल गंधार उलट पुढे सरकतो, आणि तोही रागाप्रमाणे बदलतो. डोकं भणाणलं. पट्टीच्या सुरुवातीला एका स्वरातून दुसऱ्यात जायला साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर आहेत, बाराव्या ठिपक्यापुढे सव्वाचोवीस. म्हणजे वर जावं तशी चूक दुपटीने ऐकू येते. आकडे लिहून काढले आणि वही मिटून ठेवली. वाजवताना कोण व्हर्नियर लावणार आहे?

सोमवार

तीन दिवस संततधार. नदीला पाणी आलंय, रामकुंडावर जाऊन आलो, दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी होतं. लाकूड ओल धरतं. रात्री बेसची मान किंचित वाकली आणि तारा पट्टीला घासायला लागल्या. फ्रेटच्या बेसवर इतकं लगेच कळलं नसतं, इथे आवाजच बदलला. ट्रस रॉडची, म्हणजे मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या दांडीची, चावी पाव वळसा फिरवली, अर्धा तास थांबलो, पुन्हा तारा मिळवल्या.

तारा ह्याला सपाट वेटोळ्याच्या आहेत, बोटाला गुळगुळीत लागतात. जुन्या खरखरीत तारा घातल्या तर आबनुसाची पट्टी खरवडली जाईल. अमेरिकन बेसवादक जाको पास्टोरियसने आपल्या फ्रेट काढलेल्या १९६२च्या जॅझ बेसच्या पट्टीवर होड्यांना लावतात तो इपॉक्सीचा थर दिला, तो म्हणूनच. त्याची १९७६ची पहिली रेकॉर्ड मी नव्वदच्या दशकात एका गिटारवादक मित्राकडे डब केलेल्या कॅसेटवर ऐकली होती. तेव्हा वाटलं, हे आपल्यासाठी नाही, हे वेगळ्या लोकांचं आहे. परवा पुन्हा ऐकली. हा माणूस बेसवर गातो. मींड घेतो, स्वरावर थांबून बोट हलकेच हलवतो, आणि तार तोंड उघडून बोलल्यासारखी बोलते. प्रिसिजन बेस आणि जाको, दोघांचाही जन्म १९५१चा. कोणाला सांगितलं तर काय मोठं असं म्हणतील, मला फार बरं वाटलं हे वाचून.

आज पहिल्यांदा डोळे मिटून पंधरा मिनिटं वाजवलं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज वेगळं वाजवताय का? टोचत नाहीये."

आषाढी एकादशी, मध्यरात्र उलटून गेली

पाय दुखतायत, तरी लिहून झोपतो.

कार्यक्रम उपनगरातल्या एका मंगल कार्यालयात. तीनशे-साडेतीनशे लोक, सगळे उपासाचे. महिन्यापूर्वी सातपूरवरून निवृत्तिनाथांची पालखी गेली तेव्हा रस्त्याच्या कडेला हात जोडून उभा होतो, तेव्हा बेसची नुसती चौकशी चालली होती. आज पालखी पंढरपुरात आणि मी तो बेस घेऊन मंचावर.

दुसऱ्याच अभंगाला घोळ झाला. प्रकाशयोजनेवाल्या मुलाने मागचे दिवे घालवले आणि कडेचे ठिपके दिसेनासे झाले. एक अख्खं कडवं माझा निषाद खाली गेला. पेटीवाल्यांनी मान वळवून पाहिलं. बोलले नाहीत, पण पाहिलं. घाम फुटला. मग मोकळ्या तारेवर आलो, षड्ज धरून बसलो, चार आवर्तनं दुसरं काही वाजवलंच नाही. पूर्वी असं कधी केलं नसतं, जागा रिकामी ठेवायला मी घाबरायचो. आज त्या षड्जावर बसून तिचं गाणं ऐकलं. एकतीस वर्षांत किती गायकांच्या मागे उभा राहिलो, आणि गायकाला असं ऐकत वाजवण्याची वेळ पहिल्यांदा आली. माझे कान कायम ड्रमकडे होते.

शेवटून दुसऱ्या अभंगात ती गंधारावर थांबली. लांब. पखवाज थांबला, बासरी थांबली. मी तिच्या खाली बोट ठेवलं, किंचित पुढे पडलं होतं, ते मागे ओढलं, केसभर, अजून थोडं. हेलकावे संथ झाले, अजून संथ, आणि नाहीसे झाले. पट्टीतून एक थरथर पोटाला लागली. ठिपके दिसत नव्हतेच, त्यांची आठवणही झाली नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग पखवाजाची थाप पडली आणि सगळे पुढे गेले.

विंगेत ती पाणी पीत होती. मी वायर गुंडाळत होतो. ती म्हणाली, "काका, आज गंधारावर मला उतरावंसंच वाटेना." मला उत्तर सुचलं नाही. डोक्यावर हात ठेवला तिच्या.

रविवार

गणपतीच्या तारखा आल्या. ऑर्केस्ट्राचे चार कार्यक्रम, कीबोर्ड, ड्रम, सगळं जुन्या पद्धतीचं. सगळ्यांनी गृहीत धरलंय की मी जपानी बेस आणणार. तिथे गंधार कीबोर्डचा असतो, म्हणजे साडेपाच मिलिमीटर पुढे, आणि तोच तिथे बरोबर. अभंगाला मागे, ऑर्केस्ट्राला पुढे. बोटाला दोन्ही यायला हवं, कान सांगतील तिथे.

जुना बेस पुसून, तारा सैल करून कपाटात ठेवला. ट्रस रॉडलाही जरा ढील दिली. त्याला विकणार नाही.

ड्रमरला आत्ताच फोन केला, ह्या वर्षी माझा मॉनिटर स्पीकर गायकाच्या बाजूला वळवून लाव म्हणून. तो म्हणाला, "किक ऐकू येणार नाही तुम्हाला." म्हटलं, तुझा पाय मला दिसतो.