खुराड्यात काहीतरी आहे

होळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी सातलाच पाड्यावरच्या एका आजीच्या नातवाचा फोन आला, "ताई, अजून एक मेली." ही चौथी. तीन आठवड्यांत चौदातल्या चार कोंबड्या गेल्या होत्या आणि ऐकताक्षणी माझ्या पोटात गोळा आला. त्याला कारण होतं.

मी पशुसखी आहे. नाशिकहून सावळघाट चढून पेठकडे जाताना करंजाळी लागते, तिथून आतल्या चार पाड्यांवरच्या कोंबड्या-शेळ्या मी बघते. पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात लासोटाचा थेंब, आठव्या आठवड्यानंतर आरटूबीची सुई. दोन्ही लसी मानमोडीवरच्या, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगावरच्या. लस बर्फात ठेवावी लागते आणि बाटली एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून मी आधी सगळ्या पाड्यात सांगून ठेवते आणि भल्या पहाटे, कोंबड्या सुटायच्या आत घरोघर फिरते. संक्रांतीनंतर आजीच्या कोंबड्यांना मीच आरटूबी दिली होती. आदल्या दिवशी लस घेऊन येताना एसटी दीड तास आली नाही. घरी पोचून थर्मास उघडला तर बर्फ जवळजवळ वितळलेला. पाणी गार होतं, म्हणून चालेल असं मी मनाला समजावलं आणि पहाटे सुया मारल्या. ते 'चालेल' मला त्या तीन आठवड्यांत रोज आठवत होतं.

गेले तेव्हा अंगणात शेजारच्या बायका जमलेल्या. कुणीतरी बर्ड फ्लूचं नाव काढलं होतं. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा आमच्या भागात कोंबडीला कुणी हात लावत नव्हतं, ते लोक अजून विसरलेले नाहीत. दोघीजणी तर बाजारात कोंबड्या विकून मोकळं व्हायच्या बेतात होत्या. मी आधी त्यांना थांबवलं. कारण न कळता मेलेल्या कळपातला पक्षी बाजारात गेला, की तो रोग आणखी दहा गावांत पोचतो. मग हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं आणि मेलेली कोंबडी पाहिली. तुरा पांढरट, शेपटीखाली हिरवट घाण चिकटलेली. मानमोडीतही हिरवी हगवण होते. पण मान वाकडी नव्हती, आधीच्या तिघींचीही नव्हती. त्यांना घरघर नव्हती, चोच उघडून श्वास घेणं नव्हतं. नुसत्या पिसं फुगवून, डोळे मिटून एका जागी बसत आणि दोन दिवसांत जात. आणखी एक गोष्ट बसत नव्हती. मानमोडी किंवा बर्ड फ्लू असता तर पाचसहा दिवसांत अंगण रिकामं झालं असतं. इथे आठवड्याला एखाददुसरीच जात होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उद्या सकाळी येतो, तोवर एकही पक्षी घराबाहेर जाऊ देऊ नका, मेलेली खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. तसं केलं. उरलेल्या दहांतली एक ओट्याखाली बसून होती. उठवली तर पाय लुळे पडत होते.

आजीला विचारलं, अंडी किती निघतात? दिवाळीला रोज चार-पाच निघायची, आता आठवड्यात दोन. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि ती उबवायला खुडूक बसते, त्यामुळे चौदातल्या काही नेहमीच बंद असतात. पण एकही खुडूक नसताना अंडी बंद होणं म्हणजे अंगात ताकदच नाही. महिन्यापूर्वी मी जंत समजून औषध पाजलं होतं. तेव्हाच एकीच्या पंखाखाली तिळाएवढे काळपट दाणे दिसले होते. मी ते उवा धरले आणि राखेचा खड्डा करायला सांगितलं. कोंबड्यांनी राखेत मनसोक्त अंघोळी केल्या, फरक शून्य.

दुपारी चहा घेताना आजी म्हणाली, "पोरी, त्या खुराड्यात जात नाहीत गं. काहीतरी आहे तिथं."

सून लगेच म्हणाली, "भगताला विचारायचं म्हणताहेत त्या."

आजीने हे मला आधीही सांगितलं होतं, निदान दोनदा. मी ते बाहेरच्या बाधेचं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं. या वेळी मी विचारलं, "मग रात्री असतात कुठं?" तिने आंब्याकडे बोट केलं. दिवस मावळला की कोंबड्या खुराड्याच्या दारापर्यंत येतात, आत मान घालतात आणि मागे फिरून झाडावर चढतात. कधीपासून? थंडी सरल्यापासून. झाडावरून रानमांजराने दोघींना नेलं होतं, ते या चौदांच्या आधीचं. म्हणून सून रोज काठीने खाली उतरवून जेवढ्या हाती लागतील तेवढ्या आत कोंडायची.

मेलेल्या चौघी कुठल्या? ज्या खालच्या फांदीवर बसायच्या. ज्या रोज हाती लागायच्या.

हे ऐकल्यावर मी घरी निरोप धाडला की आज मुक्काम इथंच.

खुराडं दिवसा नीट पाहिलं. विटांचे दोन थर, वर सागाच्या जुन्या फळ्या, चांगलं ऐसपैस. दिवाळीत आजीच्या मुलाने बांधलेलं. त्याआधी कोंबड्या बांबूच्या डालग्याखाली झाकायचे. आतली दांडी, विष्ठा, कोपरे सगळं पाहिलं. फळ्यांच्या सांध्यांत काळे ठिपके होते, शाईचे शिंतोडे उडावेत तसे. बाकी काही नाही. त्या ठिपक्यांचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

रात्री नागलीची भाकर आणि उडदाची डाळ खाल्ली. दहाच्या सुमाराला एक धडधाकट कोंबडी दांडीवर बसवून दार लावलं आणि आम्ही तिघी बाहेर अंधारात बसलो. आजी एक शब्द बोलत नव्हती. अर्ध्या तासाने आत पाय आपटल्याचा आवाज आला, मग पंख झटकल्याचा. मी दार उघडून बॅटरी मारली.

फळ्यांच्या भेगांतून गोचिडी चालत येत होत्या. मसुराच्या डाळीसारख्या चपट्या, तपकिरी. दांडीवरून, भिंतीवरून, सगळ्या कोंबडीच्या दिशेने. दोन तिच्या पायाला लागल्याही होत्या. प्यायलेली एक दांडीखाली लोंबत होती, तुरीच्या दाण्याएवढी टरारलेली, निळसर. आजीने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "बघ. होतं की नाही?" सुनेने तोंडाला पदर लावला. मी कोंबडी बाहेर काढली, पायाच्या गोचिडी चिमट्याने ओढून रॉकेलात टाकल्या. त्या रात्री नीट झोप लागली नाही. रोज संध्याकाळी काठीने उतरवून आत कोंडलेल्या कोंबड्या डोळ्यांपुढे येत होत्या.

ही गोचीड गाईम्हशीच्या गोचिडीसारखी दिवस-दिवस अंगाला चिकटून राहत नाही. हिची पिल्लं तेवढी पंखाखाली आठवडाभर चिकटतात. मी उवा समजले ते तिळाएवढे दाणे म्हणजे तीच. मोठी झाली की ती भिंतीच्या, फळीच्या भेगेत राहते, रात्री येते, अर्ध्या-पाऊण तासात पोट भरून परत जाते. दिवसा कोंबडी कितीही चाळा, सापडणार नाही. ते काळे ठिपके तिची विष्ठा होती. राखेच्या अंघोळीने उवा जातात, अंगावरची पिल्लंही थोडी झडत असतील, पण जी दिवसा अंगावर नसतेच तिचं राख काय करणार?

एक कोडं राहिलंच होतं. दिवाळीत बांधलेल्या नव्या खुराड्यात एवढ्या गोचिडी आल्या कुठून? सकाळी मुलाला विचारलं. फळ्या खालच्या पाड्यावरून घेतलेल्या, एका मोडलेल्या खुराड्याच्या. त्या घरातल्या कोंबड्या दोन पावसाळ्यांपूर्वी अशाच एकेक करून संपल्या होत्या आणि त्यांनी कोंबड्या पाळणंच सोडलं होतं. एवढा काळ फळ्या गोठ्यात उभ्या होत्या. ही गोचीड रक्ताशिवाय दोन-दोन वर्षं भेगेत जिवंत राहते. थंडीत ती सुस्त होती, ऊन वाढलं तशी जागी झाली.

डॉक्टर नऊला आले. त्यांनी लुळ्या कोंबडीच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, बरणीतल्या गोचिडी पाहिल्या. दुपारी फोन आला, रक्तात नागमोडी जंतू दिसले, गोचिडीतून येणारा ताप आहे, पेनिसिलीनने बरा होतो. आजारी पक्ष्यांना त्यांनी ठरवून दिलेल्या सुया मी तीन दिवस दिल्या. लुळी कोंबडी पाचव्या दिवशी उभी राहिली. मी त्यांना वितळलेल्या बर्फाचंही सांगितलं. ते रागावले नाहीत, पण त्या दिवशीच्या सगळ्या पक्ष्यांना लस पुन्हा द्यायला लावली. मी दिली, दोन पाड्यांवर, एकेका घरी कारण सांगून.

खुराडं मोडताना आजीच्या मुलाला वाईट वाटत होतं. सागाच्या फळ्या जाळायच्या म्हणजे जिवावर येतंच. सहा फळ्या ओढ्यात नेऊन जाळल्या. विटांवर उकळतं पाणी ओतलं, सांधे सिमेंटने बुजवले, चुना दिला. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध भेगांतून फवारलं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा, कारण अंडी पहिल्या फवारणीने मरत नाहीत. घराच्या कुडाची जवळची बाजूही फवारली. फवारणीच्या दिवसांत कोंबड्या दिवसभर शेतात, रात्री उन्हात तापवलेल्या डालग्यात. नवी दांडी भिंतीला कुठेही टेकत नाही. चार खुंटांवर उभी आहे आणि प्रत्येक खुंट जळक्या ऑइलच्या डब्यात.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी मुद्दाम गेले. दिवस मावळताना कोंबड्या दाराशी आल्या, मान आत घातली, थांबल्या. मग एकेक करून आत गेल्या. नऊ मोजल्या. दहावी, ठिपक्यांची, आंब्यावर चढली. सून काठी आणायला वळली तर आजीने तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी मी खालच्या पाड्यावर गेले. त्या गोठ्यात आणखी चार फळ्या उभ्या होत्या आणि घरच्या मुलीने नुकतीच सहा तलंगांची, म्हणजे तरण्या कोंबड्यांची, आगाऊ रक्कम देऊन ठेवली होती.