पांढरी एक

अकरावीच्या जर्नलमध्ये माझ्या सोनोमीटरच्या प्रयोगावर लाल शाईत भलामोठा भोपळा आहे. तारेला वजनं टांगून, तारेवर ठेवलेला कागदाचा स्वार उडेपर्यंत तिच्याखालच्या घोड्या सरकवून मी नादकाट्याची (ट्यूनिंग फोर्कची) वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, काढली २५४. काट्यावर कोरलं होतं ५१२. "निम्म्याने चुकलास," सर म्हणाले. तीनदा केलं, तीनदा अडीचशेच्याच आसपास.

तो काटा इतरांसारखा नव्हता. जाडजूड पोलादाचा, एका बाजूने उघड्या लाकडी पेटीवर बसवलेला. त्यावर 'आरके' अशी गुंफलेली अक्षरं आणि 'यूटी ३, ५१२ व्ही. एस.' कुठल्याशा कॉलेजच्या मोडीत निघालेल्या सामानातून तो शाळेत आला, असं प्रयोगशाळेतले मामा सांगत.

मामा भजनी मंडळात पेटी (हार्मोनियम) वाजवायचे. माझा पडलेला चेहरा बघून त्यांनी काटा वाजवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पांढरी एक. मधल्या सप्तकातली, वरची नव्हे. आमच्या पेटीपेक्षा तसूभर उतरलेली." पांढरी एक म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी.

हे सरांना सांगायची माझी छाती झाली नाही. पुढे सगळ्या वर्गाचं उत्तर तेच आलं, तेव्हा काट्याच्या लाकडी पेटीवर चिठ्ठी डकवली गेली : 'सदोष. वापरू नये.' माझे गुण मात्र परत आले नाहीत, ते नाहीच.

नोकरीपायी टोरांटोला आलो. इथल्या विद्यापीठाच्या जुन्या उपकरणांच्या संग्रहात एकदा तेच 'आरके' समोर आलं. रुडॉल्फ क्योनिग! जन्म १८३२, प्रशियातला. पॅरिसला व्हायोलिन बनवणाऱ्या व्हुइयोमकडे उमेदवारी केली आणि १८५८ मध्ये स्वतःचा ध्वनी-उपकरणांचा कारखाना थाटला. आवाजाची थरथर गॅसच्या ज्योतीत उमटवून फिरत्या आरशात दाखवणारं यंत्र त्याचंच. दोन काट्यांचे विस्पंद (जवळजवळ सारखे दोन सूर एकत्र वाजले की आवाजात येणारे चढउतार) कानाने मोजत, कानस फिरवत तो काटे जुळवी. जेम्स लाउडन या प्राध्यापकांनी १८७८ मध्ये त्याच्याकडून या विद्यापीठासाठी उपकरणं घेतली होती.

'व्ही. एस.'चा उलगडाही तिथेच झाला. तेव्हाच्या फ्रेंच पद्धतीत काट्याचं एका बाजूला जाणं हे एक कंपन आणि परत येणं हे दुसरं. आपण जाऊन येऊन एक धरतो. म्हणजे त्यांचे ५१२ ते आपले २५६. 'यूटी' हा उच्चारही आमचाच. ते 'उत', सा-रे-ग-म मधल्या सा सारखं त्यांचं जुनं स्वरनाम. काटा बरोबर होता, मीही बरोबर होतो. (दोनचा फरक तारेच्या खात्यावर टाका.)

खरं तर खालची लाकडी पेटीच साक्ष देत होती. एका बाजूने उघडी पेटी चांगली घुमते ती तिची लांबी आवाजाच्या पाव तरंगलांबीएवढी असली की. २५६ कंपनांच्या आवाजाची पाव तरंगलांबी साधारण ३३ सेंटिमीटर. उघड्या तोंडापायी थोडी कमी केली की फूटभर उरते. आमची पेटी फूटभरच होती. ५१२ला अर्धी पुरली असती. फूटपट्टी खिशात असून आम्हाला कुणालाच हे सुचलं नाही.

आणि मामांचं 'तसूभर'? आजच्या प्रमाण सुरावर लावलेल्या पेटीची पांढरी एक सुमारे २६१.६ कंपनांची असते. क्योनिगची २५६. पाव सुराहूनही कमी असलेला हा फरक त्यांनी नुसत्या कानाने पकडला होता.

शाळेचं सामान नव्या इमारतीत हलवताना ती लाकडी पेटी कुणाला सापडली, तर काटा पुसून ठेवा आणि आधी ती चिठ्ठी काढा.