काकांची साय रंगाची स्क्रीन

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून काका कामावर परतले, तेव्हा ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या गडद स्क्रीनवरच्या पांढऱ्या रेषा त्यांना कडेने फुटलेल्या दिसायला लागल्या. ट्रेसिंग पेपरवर रॉटरिंगच्या शाईच्या पेनाने ड्रॉइंग काढत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस; उजळ कागदावर काळी रेघ हीच त्यांच्या नजरेची सवय. पण त्याच मशीनवर संध्याकाळच्या शिफ्टला एक मुलगी बसते, तिला गडद स्क्रीनच लागते. लॉगिन एकच. त्यामुळे रोज दोन वेळा ऑप्शन्स उघडा, डिस्प्लेत जा, कलर्समधला एकेक रंग बदला.

ड्रॉइंगमधल्या लेयरचेच, म्हणजे थरांचेच, रंग बदला, असं कुणीतरी सुचवलं. आमच्या स्ट्रक्चरल ऑफिसात ते चालत नाही. आम्ही सीटीबी (रंगावरून पेनाची जाडी ठरवणारी फाइल) लावून प्लॉट काढतो, म्हणजे स्क्रीनवरचा रंग हीच कागदावरची पेनाची जाडी. सळई ज्या रंगात आहे त्यावर ती ठळक येणार की बारीक हे ठरतं. डोळ्यांच्या सोयीसाठी तो रंग हलवला की शीट बिघडलीच. बदलायची ती फक्त पार्श्वभूमी.

मग मी ऑटोलिस्पमध्ये (ऑटोकॅडच्या स्वतःच्या प्रोग्रॅमिंग भाषेत) छोटा मॅक्रो लिहिला. प्रोग्रॅमच्या प्रेफरन्सेसमध्ये मॉडेल स्पेसच्या बॅकग्राउंडचा रंग एका आकड्यात साठवलेला असतो: लाल, अधिक हिरवा गुणिले २५६, अधिक निळा गुणिले ६५५३६. गडद ३३, ४०, ४८ चा आकडा होतो ३१५६००१. काकांना शुद्ध पांढरा डोळ्यांवर येत होता, म्हणून २५०, २४५, २३० अशी साईसारखी छटा धरली, तिचा १५१३६२५०. मॅक्रो आधीचा आकडा वाचतो आणि दुसरा लावतो. क्रॉसहेअरचा (कर्सरच्या फुलीचा) रंगही सोबत बदलावा लागतो, नाहीतर उजळ स्क्रीनवर पांढरा कर्सर शोधत बसावं लागतं. ॲकॅडडॉक फाइलमध्ये टाकल्यामुळे प्रत्येक ड्रॉइंगबरोबर तो आपोआप लोड होतो.

त्या दिवशी फुटिंगच्या, म्हणजे पायाच्या, ड्रॉइंगचा सेट साइटवर जायचा होता. बाहेरून आलेल्या डिटेल्स त्यात जोडलेल्या होत्या आणि आम्ही सगळ्यांनी त्या गडद स्क्रीनवर तपासल्या होत्या. काकांनी सवयीने मॅक्रो चालवला, कॉलमच्या डिटेलवर झूम केलं आणि मला हाक मारली. "इथं बघ रे, काहीतरी खोडल्यासारखं वाटतंय." साय रंगावर अक्षरांचा अगदी पुसट पांढरा ठसा होता. निवडून पाहिलं तर पूर्ण नोट: एका पातळीत निम्म्याहून जास्त सळया लॅप करू नयेत, म्हणजे एकमेकींवर चढवून जोडू नयेत.

नेहमीचा पांढरा म्हणजे ऑटोकॅडच्या क्रमांकित रंगांतला इंडेक्स रंग ७. तो उजळ पार्श्वभूमीवर आपोआप काळा होतो, कागदावरही काळाच येतो. ही नोट मात्र ट्रू कलरमध्ये, म्हणजे लाल, हिरवा, निळा थेट आकड्यांत देऊन, २५५, २५५, २५५ अशी होती. ट्रू कलर सीटीबीला जुमानत नाही. पांढरा तो पांढराच छापला जातो. गडद स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून कुणाच्याच नजरेत आलं नाही. प्लॉट प्रिव्ह्यू उघडला, तिथे नोटेच्या जागी कोरा कागद. साइटवर सळया वाकवणाऱ्या बारबेंडरपर्यंत ती सूचना पोचलीच नसती आणि कॉलमच्या सगळ्या सळया एकाच जागी जोडल्या गेल्या असत्या. अंगावर काटा आला.

क्विक सिलेक्टने त्या रंगाचं सगळं टेक्स्ट पकडून बायलेयर, म्हणजे लेयरचाच रंग घेणारं, केलं. त्याच ब्लॉकवरून (पुन्हा वापरायच्या तयार तुकड्यावरून) बनलेल्या आणखी शीट्समध्येही तशाच नोटा सापडल्या. काकांनी त्या एकेक करून स्वतः पाहिल्या, घाई करू दिली नाही. सेट संध्याकाळी उशिरा गेला.

आता मॅक्रोत तिसरी पायरी आहे, शुद्ध पांढरी, आणि सेट बाहेर पाठवण्याआधी प्रत्येक शीट त्या पांढऱ्यावरही बघायची असं ठरलंय. पिवळ्या डायमेन्शन लाइन साय रंगावर अजून फिक्या दिसतात. त्यांच्यासाठी किंचित राखाडी छटा काका आणि मी मिळून शोधतोय.